पिंपाचं दार

एवाझियोच्या तळघरातल्या सगळ्यात मोठ्या लाकडी पिंपाला खाली एक दार आहे, भिंतीतल्या देवळीएवढं. पिंप रिकामं झालं की त्या दारातून कुणीतरी आत शिरायचं आणि भिंतींवर धरलेला वाइनचा लाल क्षार खरवडून काढायचा. आधी एक हात, मग डोकं, मग दुसरा खांदा. मिरेल्ला सून होऊन आली तेव्हापासून हे काम तिचंच होतं. आत बसून ती गायची आणि अख्खं तळघर घुमायचं.

यंदा मात्र मार्च आला, चंद्र उतरणीला लागला, वाइन या पिंपात ओतायची वेळ झाली, तरी बाई जागची हलेना.

"पप्पा, मला नाही जमणार."

"का? जाड झालीस?"

"जमणार नाही म्हटलं ना!"

रविवारीच एवाझियोने तिला फोनवर आईशी बोलताना ऐकलं होतं: "पप्पांना इतक्यात काही कळता कामा नये. जीव तुटेल त्यांचा." त्याचा अर्थ त्याने लावून टाकला होता. पलीकडच्या टेकडीवरचा सिल्वानो तिच्या नवऱ्याला, लिव्हिओला, केव्हाचा नोकरीला बोलावत होता. सिल्वानोची पिंपं नवी, छोटी, आणि वाइन दोन वर्षांत हसतखेळत घशाखाली उतरणारी. एवाझियोची बारोलो वाइन पहिली दहा वर्षं पिणाऱ्याचं तोंड वाकडं करते आणि विसाव्या वर्षी कुठे गोड बोलायला लागते. तोवर आपण नसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो ती वाइन पोरासाठी आणि सुनेसाठीच करत होता. तेच निघून गेले तर करायची कुणासाठी?

लिव्हिओ बाजाराला गेलेला. तसंही त्याचे खांदे बैलाचे, त्या दारात त्याचा उपयोग शून्य. म्हातारा चिडून स्वतःच शिरायला गेला. हात गेला, डोकं गेलं, दुसरा खांदाही गेला. पोट राहिलं.

बऱ्याच वेळाने मिरेल्ला खाली आली.

"अगं बाई! पप्पा!"

"जाणार असाल तर तोंडावर सांगा!" पिंपातून आवाज घुमला.

"तोंड आहे कुठे? इथे तर नुसते पाय दिसतायत."

"थट्टा नको. सिल्वानोकडे जाताय ना दोघं?"

ती आधी हसली, मग त्याच्या बुटांशी जमिनीवर बसली.

"पप्पा, मला दिवस गेलेत. तिसरा चाललाय. पिंपात गंधकाची धुरी असते, डॉक्टरीणबाई आत जाऊ नको म्हणाल्या."

आत डोकं लाकडावर आपटलं.

"मागच्या वेळी लगेच सांगितलं, तर तुम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून गावाला वाइन पाजलीत. मग ते... तसं झालं. जो भेटेल तो तुम्हाला विचारायचा आणि तुम्ही प्रत्येकाला सांगत, रडत फिरलात. माझं दुःख मी कसंबसं गिळलं, पप्पा. तुमचं बघवत नव्हतं. म्हणून म्हटलं, चौथा सरू दे."

पिंपात हुंदका लपत नाही. तो बारीकसा निघाला आणि चांगला मोठा होऊन बाहेर आला. मिरेल्लाने डोळे पुसले आणि त्याचे पाय धरून ओढायला गेली.

"हात लावू नकोस!" म्हातारा ओरडला. "खबरदार! लांब हो, खुर्ची घे, बस! मी येतो माझा मी."

आला. स्वेटर आत राहिला आणि कमरेची सालटं निघाली, पण आला. तिच्याकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ काढला नाही.

पिंप तर साफ व्हायलाच हवं होतं. त्या दारातून जाईल असा काटकुळा माणूस गावात एकच, सिल्वानो. त्या छोट्या पिंपांवरून भांडण झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. संध्याकाळी एवाझियो चौकातल्या बारमध्ये गेला, पत्त्यांच्या टेबलाशी उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "उद्या माझ्या पिंपात शिरशील?"

सिल्वानोने पत्ते खाली ठेवले. "सुनेला काय झालं? पुन्हा गोड बातमी आहे की काय?"

सगळ्या बारने कान टवकारले. एवाझियोच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"कसली बातमी! मी तिला जाड म्हणालो. रुसलीय. मग ऐटीत मीच शिरलो आणि अडकलो. डोकं आत, ढुंगण बाहेर."

असा हशा उसळला की पेल्यांतली वाइन सांडली. एकाने तर खुर्चीखाली डोकं घालून नक्कल करून दाखवली.

"आणि काढलं कुणी?" सिल्वानोला बोलता येईना.

"कुणी नाही. तासभर तसाच होतो."

"येतो, येतो. पण तुझ्या त्या जुनाट लाकडाबद्दल चार शब्द ऐकून घ्यावे लागतील."

"आठ ऐकव."

घरी येईपर्यंत दारादारांतून लोक त्याला हाका मारत होते, पोट आत घे रे म्हणत होते. तो हात हलवत चालत राहिला. गावात कुणाकडे नसेल एवढं सुख त्याच्याजवळ होतं, आणि त्याने तोंड घट्ट मिटलेलं होतं.

मिरेल्ला सूप ढवळत होती.

"काय म्हणाला?"

"उद्या येतो म्हणाला."

"आणि माझं काय सांगितलंत?"

"तू माझ्यावर रुसलीयस," एवाझियो म्हणाला. "आता चौथा सरेपर्यंत नीट रुसून राहा."