एकच टिक

टाइपरायटर दुरुस्त करणारा मिस्त्री आणि टायपिंगचा क्लास चालवणारा मास्तर यांचं तीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालं नाही, आणि तरी भेटल्याशिवाय दोघांना चैन पडत नसे. मास्तरने वीस यंत्रं काढून टाकून कॉम्प्युटर मांडले, त्या दिवशी मिस्त्री अर्धा चहा टाकून उठून गेला. दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून पुन्हा हजर!

"ह्या तुझ्या डब्यांना आवाज नाही. माणूस लिहितोय की झोपलाय, कळत नाही," तो म्हणायचा.

"आवाजाने काय पत्र वाचता येतं? जुनाट आहेस तू."

पुढे मास्तरने त्याला स्मार्टफोनही आणून दिला. कार्ड घालून, स्वतःचा एकच नंबर टाकून. "वापरू नकोस, पण चालू तरी ठेव." मिस्त्रीने तो रिबिनींच्या खणात टाकला तो टाकलाच. हट्टाला पेटला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे, आणि या गुणाचा त्याला भारी अभिमान होता.

मग एक दिवस क्लासला कुलूप दिसलं. शेजारचा शिंपी म्हणाला, तब्येत बिघडली म्हणून मुलगी तिच्याकडे घेऊन गेली. मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सांगून जायला काय झालं होतं? दुकानातल्या साध्या फोनचा नंबर मास्तरला तोंडपाठ होता. आधी आपण फोन करायचा नाही, असं ठरवून मिस्त्री तीन आठवडे त्या फोनकडे बघत बसला.

चौथ्या आठवड्यात मुलगीच दुकानात आली. तिचा चेहरा पाहून त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काका, बाबा गेले. चार दिवस झाले. फोनवर सांगवेना."

मिस्त्री स्टुलावर बसला.

"लकव्याच्या पहिल्या झटक्यातच वाचा गेली होती. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालायचं."

"अगं पोरी, मला तेव्हाच कळवायचं नाही का?"

"कळवू देतील तर ना! माझं मी त्याला लिहितो, म्हणायचे खुणेने."

तिने मास्तरचा फोन पुढे केला. एकाखाली एक निरोप, आणि प्रत्येकापुढे एकच टिक. म्हणजे पोचलाच नाही, तिने समजावलं.

'मिस्त्री, माझं बोलणं बंद झालंय. आता तुझी चैन आहे.'

'रागावलास का?'

'खण उघड रे.'

आणि शेवटचा: 'फोनला खरंच आवाज नाही. दिवसभर लिहितो, शेजारच्या खोलीत पोरीलाही कळत नाही. तुझं बरोबर होतं.'

हे एक वाक्य मास्तरच्या तोंडून ऐकायला मिस्त्री किती वर्षं टपून बसला होता! आता ते वाचताना त्याला स्वतःची लाज वाटली. एक खण उघडायला काय जात होतं आपलं?

त्याने तो उघडला. रिबिनींखालचा फोन पोरीने चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने तो वाजला, आणि मग वाजतच राहिला. तिच्या हातातल्या फोनवर एका टिकच्या जागी दोन टिक उमटत गेल्या.

"पोचले का गं सगळे?"

"पोचले, काका."

मिस्त्रीने डोळे पुसले आणि स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"मग उत्तर कसं लिहायचं, ते शिकव."