गाईचा ब, गाढवाचा ब

माझी मुलगी निएवेस 'गाय' हा शब्द गाढवाच्या ब-ने लिहिते.

आमच्या स्पॅनिशमध्ये ब दोन आहेत. लिहायला वेगळे, बोलायला एकच. कितीही कान टवकारले तरी फरक कळायचा नाही. म्हणून शाळेत एकाला गाढवाचा ब म्हणतात आणि दुसऱ्याला गाईचा. कारण गाढव एकाने सुरू होतं, गाय दुसऱ्याने. एवढी सोय करून ठेवलेली असताना माझी आठ वर्षांची लेक गाईचा ब खुद्द गाईलाही देत नाही.

"निदान गाईला तरी दे गं!" माझी आई कपाळाला हात लावते.

माझी आई इस्मेनिया चौतीस वर्षं शिक्षिका होती. चिलोए बेटाच्या आमच्या या बाजूला तिच्या लाल पेनाला न घाबरलेला माणूस सापडायचा नाही. मुलं कमी म्हणून गावातली शाळा बंद झाली, दुसरी बसने दीड तासावर, तेव्हा मी निएवेसला घरीच शिकवायचं ठरवलं. नोव्हेंबरात आंकुदला जाऊन परीक्षा दिली की वर्ष पदरात पडतं. गणिताची मला भीती वाटली नाही, नकाशांची नाही. वाटली ती शुद्धलेखनाची, कारण त्यात प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आई म्हणायची, रोज वीस शब्दांचं श्रुतलेखन आणि चुकलेला शब्द दहा वेळा. माझी मैत्रीण यास्ना तीन मुलांना घरी शिकवते. ती म्हणाली, "हात लावू नकोस गं अजिबात. नुसतं वाचून दाखव. डोळ्यांना सवय झाली की हात आपोआप बरोबर जातो."

तिच्या बारा वर्षांच्या थोरल्याची वही मी चोरून पाहिली होती. "जातो ना नक्की?"

"जाईल. त्याचे डोळे जरा आळशी आहेत, एवढंच."

मग मी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक उसनं आणलं. नाम निळ्या रंगाने, क्रियापद लाल. चौथ्या धड्यात 'पाऊस पडतोय' आलं, जे आमच्याकडे एकाच शब्दात सांगतात. निएवेस खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिली. "आई, यात काम कोण करतंय? मला तर बाहेर कुणी दिसत नाही." मलाही दिसलं नाही. पुस्तक चुलीशेजारच्या फळीवर गेलं.

उरलं आईचं श्रुतलेखन. ते आम्ही सुरू केलं आणि विसातले नऊ, अकरा, तेरा असे शब्द बरोबर यायलाही लागले. मी खूश होते. मग ते चिठ्ठीचं झालं.

माझा नवरा एवारिस्तो समुद्रात सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर काम करतो. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. तिकडे फोन लागत नाही. म्हणून दर खेपेला निएवेस त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी घालते. कोंबडी खुडूक बसली, आमच्या धाकट्या बाळाला दात आला, असलं काहीतरी. एका सोमवारी, तो निघायच्या आधी, चिठ्ठी टेबलावर पडली होती आणि आई चहा घेत होती. तिने पेन काढलं. वाईट मनात काही नव्हतं तिच्या. चुकलेलं अक्षर समोर असलं की तिला सांडलेलं दूध दिसल्यासारखं होतं, पुसल्याशिवाय राहवत नाही. चौदा ठिकाणी लाल झालं.

निएवेसने ती ओढून घेतली. चिठ्ठीची नीट घडी घातली, चुलीचं झाकण उचललं आणि आत टाकली.

त्यानंतर तिने श्रुतलेखन तेवढं केलं. मनानं एक ओळ लिहिली नाही. गोष्ट लिही म्हटलं तर चित्र काढायची. यादी कर म्हटलं तर तोंडी सांगायची.

एवारिस्तो परत आला. जेवताना मिल्काओचा, म्हणजे आमच्या बटाट्याच्या भाकरीचा, तुकडा मोडत सहज म्हणाला, "या वेळी खिसा रिकामाच होता. शिवण उसवलीय का बघ गं मिर्ता, चिठ्ठी पडली असेल."

निएवेस बटाट्याकडे बघत राहिली.

ती झोपल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याने पाकीट काढलं. सगळ्या चिठ्ठ्या होत्या त्यात, ओलाव्याने मऊ पडलेल्या. "ती बोलते तसंच लिहिते," तो म्हणाला. "चुकीचं का असेना, वाचताना तिचाच आवाज येतो. मला तेवढं हवंय. परीक्षेचं तू बघ."

परीक्षेचं मी बघायचं होतं आणि आवाजही घालवायचा नव्हता. तो परत जायला चौदा दिवस होते. मी श्रुतलेखन थांबवलं, आईने तोंड फुगवलं. यास्नाचं ऐकून रोज वाचून दाखवलं. निएवेस ऐकायची, हसायची; पेन्सिलीला हात लावायची नाही. दहा दिवस असेच गेले.

अकराव्या दिवशी माझ्या हातून एक घोळ झाला. मी घरी शिवणकाम घेते. फाटकावरची पाटी वाऱ्यापावसाने पुसट झाली होती. बाळ झोपलेलं असताना घाईघाईने नवी रंगवली आणि लावून टाकली. संध्याकाळी शेजारचे बाल्तासारकाका पँट घेऊन दारात उभे.

"मिर्ता, ही किती वेळ शिजवशील?"

"काय?"

"जाड कापड आहे, म्हणून विचारतो. कांदा-बटाटा मी आणू, की तू घालतेस?"

मी धावत फाटकापाशी गेले. आमच्याकडे शिवणं आणि शिजवणं हे शब्द बोलताना अगदी सारखे ऐकू येतात. मधलं अक्षर तेवढं वेगळं. शिवण्यात एस, शिजवण्यात सी. पाटीवर निळ्या रंगात, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कपडे शिजवणे, रफू करणे, मापात आणणे.

"आणि बाई, तुम्ही सकाळपासून दोनदा या फाटकातून आलात-गेलात!" काका माझ्यामागून बाहेर आलेल्या आईला म्हणाले. तेही तिचेच विद्यार्थी. "मला एका अक्षराच्या चुकीसाठी वर्गाबाहेर उभं केलं होतंत. हिला कुठे उभं करता?"

आई लाल झाली. "चष्मा नव्हता माझा," ती म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं. हसता हसता तिला फाटकाला धरून उभं राहावं लागलं. एवारिस्तो बाळाला घेऊन बाहेर आला, तोही हसायला लागला.

निएवेस मात्र गंभीर होती. "आजी, आईला दहा वेळा लिहायला लावणार?"

"शंभर वेळा!"

"आणि तू बघितलं नाहीस, त्याचे?"

आईचं हसू थांबलं. फाटकाजवळच्या ओंडक्यावर ती बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौतीस वर्षांत एवढी मुलं शिकवली. नाताळाला सगळ्यांची कार्डं येतात. छापील. खाली नुसती सही. मनानं दोन ओळी कुणी लिहीत नाही मला."

"घाबरतो आम्ही, बाई," बाल्तासारकाका हळूच म्हणाले.

निएवेस घरात गेली आणि रंगाचा डबा, ब्रश घेऊन आली. तिने सी-वर पांढरा रंग फासला, थोडं थांबली आणि त्या जागी एस काढला. मागे होऊन बघितलं. "हा दोऱ्यासारखा वळतोय," ती म्हणाली. "शिवायचा आहे म्हणून. आणि सी म्हणजे आडवं पडलेलं भांडं. त्यातून सूप सांडणार. आई, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही गं," मी म्हटलं.

"मला पण नाही," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आईने एक कोरी वही आणली. लाल पेन बरोबर नव्हतं. चुकलेला शब्द वहीत जातो, रोज तीनच, आणि प्रत्येकाशेजारी निएवेस त्याचं कारण चितारते. कारण सापडलं नाही तर आजी सांगते, आजीलाही माहीत नसलं तर दोघी मिळून बनवतात. मुका ह, जो लिहायचा पण उच्चारायचा नाही, तो तोंडावर बोट ठेवलेले बाल्तासारकाका झालाय. चिठ्ठीला मात्र कुणीही हात लावायचा नाही, हा नियम आईनेच वहीच्या पहिल्या पानावर तिच्या सुंदर अक्षरात लिहिलाय. नोव्हेंबरात एवढ्याने भागेल का, मला माहीत नाही. यास्ना म्हणते, वही फार आहे. आई अधूनमधून म्हणते, तीन शब्द फार कमी आहेत. मी दोघींना चहा देते.

सोमवारी एवारिस्तोची बोट सकाळची होती. मी जाकिटाची आतली शिवण पुन्हा एकदा घट्ट केली, उगाच. निएवेस टेबलावर ओणवी होऊन, हाताचा आडोसा करून काहीतरी लिहीत होती. मी बघितलं नाही. आईनेही खिडकीकडे तोंड केलं, मोठ्या कष्टाने.

"आई," निएवेसने मान वर न करता विचारलं, "'लवकर ये' यातल्या 'ये'च्या सुरुवातीचा ब कुणाचा? गाढवाचा की गाईचा?"

"गाईचा."

ती विचारात पडली. "मग बाबा गाईच्या चालीने सावकाशच येणार," असं म्हणून तिने अक्षर लिहिलं, आणि चिठ्ठीची घडी घालून खिशात सारली.