दुसरा कंस

नववीतल्या त्या मुलीने सलग तीन चाचण्यांत एकच चूक केली होती. x² − 3x या राशीत x ची किंमत ठेवायची असली, की पहिल्या x च्या जागी ती बरोबर संख्या लिहीत असे. दुसऱ्या जागी नुसता रिकामा कंस काढून पुढच्या उदाहरणाकडे वळत असे. हलगर्जीपणाच्या चुका विखुरलेल्या असतात. ही नेमकी एकाच जागी होती. शुक्रवारच्या चौथ्या चाचणीतही ती नापास झाली तर तिला नववी पुन्हा करावी लागेल, असे मुख्याध्यापिकाबाईंनी मला बजावले होते. मी शाळेत नवा होतो. मला कारण हवे होते.

म्हणून मी फळ्यावर ( )² − 3( ) असे दोन मोठे कंस काढले आणि प्रत्येकाखाली एक खुर्ची ठेवली. बसणाऱ्याने आपले वय सांगायचे. तेच वरच्या कंसात जाणार. दोन्ही खुर्च्या x च्या, म्हणून दोघांचे वय सारखे हवे.

"सर, बारा वर्षांचं कुणी बसलं तर?" सगळे जिला वकीलबाई म्हणत, तिने विचारले.

"तर उत्तर बदलेल. तू बसलीस तर उत्तर संपणारच नाही."

वर्ग हसला. मी त्या मुलीला पहिल्या खुर्चीवर बसवून कंसात चौदा लिहिले. "आता दुसरीवर कोण?"

कोणी उठेना. हसणेही थांबले.

"अरे, झालं काय? सगळे चौदाचेच आहात ना?"

"तिथे बसलंय सर कुणीतरी," वकीलबाई खाली बघत म्हणाली. "हिची जुळी बहीण. मागच्या वर्षी गेली."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. खुर्ची रिकामी आहे हे दाखवण्यासाठी मी तिच्यावर हात टेकला. बैठक कोमट होती. ऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. याचे काही स्पष्टीकरण असणारच. मला अजून सापडलेले नाही.

"जुळ्या म्हणजे वय सारखंच की," मी म्हणालो.

"आधी होतं," मुलगी म्हणाली. "मी चौदाची झाले. ती तेराचीच राहिली. मग दुसऱ्या कंसात काय लिहू?"

दोन निराळ्या संख्यांना ती एकच अक्षर देत होती, एवढीच तिची चूक. मी दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर खडूने y लिहिले.

"किंमत वेगळी, तर अक्षरही वेगळं. x म्हणजे तू एकटी. जिथे जिथे x, तिथे तूच."

"दोन्हीकडे मीच?"

"दोन्हीकडे."

"आणि ज्या गणितात y नाही, तिथे तिनं कुठे थांबायचं?"

बीजगणितात या प्रश्नाला उत्तर आहे: कुठेही नाही. ते मी दिले. तिने बराच वेळ दुसऱ्या खुर्चीकडे पाहिले, आणि मान डोलावली.

शुक्रवारी तिची दहाही उदाहरणे बरोबर आली. गुण मांडून झाल्यावरही मी तिची पाने मागेपुढे उलटत राहिलो. एखादा तरी कंस रिकामा राहिला असेल म्हणून. एकही नव्हता.