विहिरीएवढा अडथळा

जमीन सपाट करणारं यंत्र चाळीस पावलांवर आलं, तेव्हा धाकटा विहिरीच्या काठावर फतकल मारून बसला. यंत्राला चालक नव्हता, त्यामुळे शिव्या द्यायचीही सोय नव्हती.

आजूबाजूची नऊशे एकर जमीन कंपनीने नऊ महिन्यांपूर्वी भाड्याने घेतली होती. थोरल्या भावाचा वाटाही त्यातच गेला. मधे उरली धाकट्याची तीन एकर, त्यातला कांदा आणि त्या कांद्याला पाणी देणारी ही एकुलती एक विहीर. कंपनीच्या नकाशात ती आपल्या हद्दीतला खड्डा म्हणून दाखवली होती. खड्डे बुजवायचे असतात.

चूक घरचीच होती. दोघांच्या वाट्यांमधला हद्दीचा दगड थोरला दर पेरणीआधी गुपचूप चार पावलं इकडे सरकवायचा आणि पेरणीनंतर धाकटा तितक्याच गुपचूप तो परत नेऊन ठेवायचा. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. यंदा कंपनीची मोजणी झाली तेव्हा धाकटा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. त्याची पाळी हुकली आणि विहीर पलीकडे गेली.

"काका, उठा," टॅब्लेट सावरत कंपनीचा सुपरवायझर म्हणाला. "माणूस दिसला की ते वळसा घालतं, पण भरवसा नाही. नवीन आहे."

"बंद कर ना मग!"

"बटण मुख्य ऑफिसात असतं. तिथे जेवणाची सुट्टी चालू आहे."

यंत्राचं पातं धाकट्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. विचार केल्यासारखं घुरघुरलं. मग यंत्राने धाकट्यापुरता वळसा घेतला आणि जाता जाता पलीकडच्या काठाची माती धाडकन आत लोटली. पाणी छातीत बुक्की बसल्यासारखं वाजलं.

"दोन्ही काठांवर अडथळा दिसला तरच जागा नकाशातून कायमची वगळली जाते," सुपरवायझर म्हणाला. "ही शेवटची फेरी."

यंत्र वळायला लागलं. कंपनीच्या तारेच्या कुंपणाबाहेर थोरला उभा होता.

"दादा, त्या काठावर ये!"

"मला आत यायची परवानगी नाही. करार मोडेल माझा."

"दगड सरकवताना कुणाची परवानगी काढली होतीस?"

थोरल्याचं तोंड एवढंसं झालं. "तुला ठाऊक होतं?"

"परत कोण ठेवत होतं मग? भुताटकी?"

यंत्र सरळ झालं. थोरला तारेत लेंगा फाडून घेत आत घुसला, धापा टाकत पलीकडचा काठ गाठला आणि चक्क आडवा झाला.

"अरे, बसायचं, झोपायचं नाही!"

"गुडघे वळत नाहीत. तू गप्प बस."

पातं थोरल्याच्या टाळूजवळ आलं. थांबलं. धाकट्याने डोळे मिटले. घुरघुर वाढली, मग हळूहळू उजवीकडे सरकली, विहिरीला पुरती फेरी मारून दूर गेली.

"झालं," टॅब्लेटमध्ये बघत सुपरवायझर म्हणाला. "जागा वगळली. विहीर वाचली, काका. उठा आता. आणि मोठे काका, तुम्ही आत आलात हे मला वर कळवावं लागेल."

"कळव," थोरला आडवा पडूनच म्हणाला. "नऊ महिन्यांनी पाठ टेकलीय इथे. जरा पडू दे."