बाबांची शेवटची पुडी

चित्रपटाचा विषय सुतकाच्या घरात काढायचा नसतो हे शेजारच्या काशीरामकाकांना ठाऊक होतं. तरी पाचव्या दिवशी त्यांनी तो काढला, कारण सांत्वनाचं सगळं बोलणं चार दिवसांत संपून गेलं होतं.

"एफ्राइमभाऊ गेल्या बुधवारीच दिसले होते मला, थिएटरच्या दारात," ते म्हणाले. "आम्ही संध्याकाळच्या खेळाला आत जात होतो. ते पुढे बसले, आम्ही मागे. चांगले हसून बोलले हो. वाटलंसुद्धा नाही..."

रेचल चटईवर बसली होती. समोरच्या भिंतीवरचा आरसा चादरीनं झाकलेला होता. कोनाड्यात तेलाचा दिवा आणि पाण्याचा पेला. शुक्रवारी सकाळी दाढीसाठी पाणी तापवता तापवता बाबा खाली बसले ते उठले नाहीत, आणि संध्याकाळी सब्बाथचा दिवा लागायच्या आत त्यांना पुरून सगळे परतले. पेणहून झिल्पाआत्या आली. भाऊ जुडाह इस्राएलमध्ये, दहा वर्षांपूर्वी गेलेला. त्याची तार आली. यहुदी रिवाजाप्रमाणे सात दिवस घराबाहेर पडायचं नाही, वर्षभर नाटक-सिनेमा नाही. रेचलला त्याचं काही वाटलं नसतं. पण पुस्तकांच्या कपाटात, तिच्या टिपणवहीखाली, एक पुडी होती.

बाबा म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. चौकोनी कागदावर पावडर ठेवून, अंगठ्याच्या नखानं घडी दाबून, ते अशी पुडी बांधत की डिंकाशिवायही ती सुटत नसे. आई गेल्यावर बापलेक सिनेमाला जाऊ लागले तेव्हा त्यांनीच खेळ काढला. मध्यंतरात दोघांनी आपापल्या कागदावर शेवट काय होणार ते लिहायचं, पुडी बांधायची, आणि घरी येऊन चहाबरोबर दोन्ही पुड्या सोडायच्या. चौदा वर्षांत रेचल बहुतेक वेळा जिंकली. वाचनालयात नोकरी, रहस्यकथांचं अख्खं कपाट तिनं वाचून काढलेलं. बाबांना अंदाज बांधायला जमतच नसे. त्यांच्या पुडीत सहसा कुणी मरत नसे आणि खुनी म्हणून ज्याच्यावर संशय असे तो बिचारा निरपराध निघे.

गेल्या बुधवारी वाचनालयात पुस्तकांची वार्षिक मोजणी होती. बाबांनी सकाळी विचारलं आणि दुपारी जेवताना पुन्हा विचारलं. रेचल म्हणाली, "तुम्ही जा ना एकटे. प्रत्येक वेळी मी कशाला हवी?"

ते गेले. खेळ सुटायच्या वेळेला घरी आले आणि तिच्या ताटाशेजारी पुडी ठेवून म्हणाले, "माझी तयार आहे. तू रविवारी बघ, मग सोडू."

"कसा होता?"

"बोलायचं नाही. आईची शपथ आहे."

"तुमच्या आईला जाऊन तीस वर्षं झाली, बाबा."

"शपथ ती शपथ. रविवारी मी पुन्हा येईन तुझ्या सोबतीला."

ती पुडी सोडायची तर आधी शेवट माहीत हवा. बाबांचा शेवटचा अंदाज बरोबर आला की नाही, एवढंच रेचलला हवं होतं. आणि चित्रपट गुरुवारी गावातून जाणार होता.

"काका," ती म्हणाली, "गोष्ट काय आहे त्याची?"

काशीरामकाका या प्रश्नाची वाटच पाहत असावेत. त्यांनी मांडी बदलली. "डोंगरावर बंगला. नवरा, बायको, एक म्हातारा नोकर. वरची खोली बंद. आणि बायकोला रोज त्या खोलीतून सतार ऐकू येते. दुसऱ्या कुणाला नाही! नवरा मुंबईहून डोक्याचा डॉक्टर आणतो. मध्यंतराच्या आधी डॉक्टर कुलूप फोडतो. आत हातभर धूळ. सतारीवरही धूळ. पण कंदिलाला हात लावतो, तर काच गरम!"

"मला तर पहिल्यापासून कळलं होतं," ते पुढे म्हणाले.

"काय कळलं होतं?" त्यांच्या बायकोनं, चंद्रावतीकाकूंनी, तोडलं. "मध्यंतरानंतर घोरत होतात. मी कोपरानं ढोसलं तेव्हा जागे झालात, ते शेवटच्या किंकाळीला."

"डोळे मिटून ऐकत होतो. आणि मला विचारशील तर शेवट पटला नाही. ही फसवणूक झाली. अडीच तास एक दाखवायचं आणि..."

"मला पटला. त्या बाईच्या जागी बसून बघा म्हणजे पटेल. मी दोन दिवस एकटी माडीवर गेले नाही."

"तू कधीच जात नाहीस, तुझे गुडघे दुखतात."

कितीतरी दिवसांनी रेचलच्या ओठांवर काहीतरी हललं. "मग शेवट काय होतो?" तिनं विचारलं.

दोघंही एकदम थांबली. थिएटरच्या मालकानं दारावर फळा लावला होता: शेवट बाहेर सांगू नये, आपापल्या आईची शपथ आहे. सगळ्या गावानं ती घेतली होती. बाजारात त्या सिनेमावर तासन्‌तास वाद होत, नवरा बरोबर की डॉक्टर, बाई खरंच वेडी की नाही, आणि नेमक्या जागी येऊन माणसं गप्प होत.

"रेचल, रागावू नकोस गं," काकू म्हणाल्या. "माझी आई उरणला अंथरुणाला खिळलीय. उगाच कशाला!"

"माझी केव्हाच गेली," काका म्हणाले. "मी सांगतो."

"माझ्यासमोर नाही सांगायचा. मी ऐकला तरी मला शपथ लागेल."

निघताना काका दारात घुटमळले आणि हळूच म्हणाले, "उद्या संध्याकाळी एकटा येतो."

ते गेल्यावर झिल्पाआत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. "लाज नाही या लोकांना. कसलं घर आहे, काय बोलताहेत!" ती चटईवर टेकली. दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाली, "कंदील गरम कसा गं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटरचा दारवान दादू आला. बेलपाड्याहून रोज सायकलनं येणारा माणूस. आत यायला तयार नव्हता, उंबऱ्याशीच उकिडवा बसला.

"ताई, मला आज कललं. आमच्या गावात कोन सांगनार? गेल्या आयतवारी तुमच्या दोन खुर्च्या मी शेवटपर्यंत धरून ठेवल्या. हाऊसफुल्ल होता. एक जन तर माझ्या अंगावर आला. मी बोललो, कंपाउंडरकाका येनार हायेत, पोरीला घेऊन. मी खुर्ची देनार नाय."

रेचलला त्या दोन खुर्च्या दिसल्या. भरलेल्या थिएटरात, मधोमध.

"एकदा बघून झाला होता त्यांचा," ती म्हणाली. "माझ्यासाठी पुन्हा येणार होते."

"कुटं बघून झाला?" दादू म्हणाला. "मध्यंतराला उठून आले ना भायेर. मी इचारलं, काका, बरं नाय का? तर बोलले, बरा आहे रे, पण बाजूची खुर्ची रिकामी हाय. कागद काढला, पन लिवायला मन होईना. राहिलेला आयतवारी बघेन, पोरीसंग."

"मग घरी नाही आले. नऊ वाजून गेल्यावर आले."

"माझ्या बाकड्यावर बसले ना. शेंगा खाल्ल्या. पन आतलं बोलनं भायेर ऐकू येतंय, सतार वाजली का कान झाकायचे. शेवटाला म्हनाले, दादू, इथं बसलो तर फुकट कलेल मला. आनि तलावाकडं चालत गेले. खेल सुटायच्या येळेला थेटरावरूनच घरी गेले, सगल्यांच्या मागून."

दादू गेल्यावर रेचल उठून कपाटाशी गेली. तिनं वही बाजूला केली आणि पुडी घेतली. नियमाप्रमाणे अजून सोडायची नव्हती. पण नियम तर बाबांनीच मोडला होता.

नखानं दाबलेल्या घड्या एकेक सुटल्या. आत दवाखान्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलनं, औषधांची नावं लिहीत त्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं:

'माझा अंदाज: मी मध्यंतरातच उठलो हे रेचलला ओळखता येणार नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं. बुधवारची रात्र तिनं आठवून पाहिली. बाबा पाय धुऊन आले होते. धोतराच्या काठाला तलावाकडची माती होती, ती तिनं पाहिली होती. खिशातून शेंगांचं टरफल खाली पडलं होतं, तेही तिनंच झाडलं होतं. रहस्यकथांचं अख्खं कपाट वाचलेलं. आणि तिनं मान खाली घालून मोजणीचे आकडे तपासले होते.

अंदाज बरोबर आला होता. बाबा जिंकले होते.

आत्या दुपारची निजली होती. रेचल रडली ती तोंडात पदर धरून, आवाज न करता.

संध्याकाळी काशीरामकाका कबूल केल्याप्रमाणे एकटेच आले. आजूबाजूला पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "हं, तर कंदील गरम कसा? ऐक..."

"नको, काका."

"अगं, काल तर तूच..."

"नको. आम्ही दोघांनी अजून पाहिलेला नाही."

काकांना काही उमगलं नाही. ते दुखावल्यासारखे झाले. इतका मोठा शेवट घेऊन आलेल्या माणसानं तो तसाच परत कसा न्यायचा? तेवढ्यात झिल्पाआत्या आतून आली. "तिला नको तर राहू दे," ती म्हणाली आणि चटईवर बैठक मारून बसली. "माझी आई वर गेली त्याला तीस वर्षं झाली. मला सांगा."

काकांचा चेहरा उजळला. रेचलनं चिठ्ठी पुन्हा घडीवर घडी आणून बांधली. नखानं दाबली तरी पुडी तिच्या हातात सैलच राहिली. ती मुठीत धरून ती मागच्या दारानं परसात गेली. भिंतीआडून काकांचा आवाज येतच होता, 'तो म्हातारा नोकर' इथपर्यंत तिला ऐकू आलं. तिनं घाईनं पुडी चोळीत खोवली, बादली विहिरीत सोडली आणि रहाट ओढायला लागली. रहाट जुना होता, करकरत होता. घरात पाणी भरलेलं होतं, तरी तिनं एक बादली काढली, ती झाडाच्या आळ्यात ओतली आणि आत्याचा "अगं बाई!" ऐकू येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढत राहिली.