दोन थेंब तेल

माझं डोकं पटकन फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून कोणी दचकायला नको.

मी साड्यांचे फोटो काढते. सुरतेत कॅटलॉगचं काम म्हणजे तोच पडदा, तोच उजेड, तीच पोज. दिवसाला चाळीस साड्या. कॅमेरा स्टँडवर, फोकस त्याचा तोच करतो. चार वर्षांत असं झालं की मी डोळे मिटून बटण दाबलं असतं तरी व्यापाऱ्याला फरक कळला नसता. मलाही कळला नसता, हे जास्त वाईट. सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायची इच्छाच मेली होती.

मग लिंबायतच्या बन्सीलालकाकांनी त्यांचा फोटो स्टुडिओ बंद केला आणि कपाटातल्या दोन जुन्या लेन्स मला देऊन टाकल्या. एक ठार जाम, दुसरीची रिंग रडतखडत फिरायची. ती दुसरी मी माझ्या कॅमेऱ्यावर बसवली. फोकस हाताने करायचा, म्हणजे समोरच्या माणसाकडे खरंच बघावं लागायचं. तीन रविवार गोडादऱ्याच्या गल्ल्यांतून फिरले, जेवायचं भान राहिलं नाही. मला माझं काम परत मिळालं होतं हो!

चौथ्या रविवारी आंघोळ करून आले, तर आबांच्या हातात ती लेन्स आणि शेजारी लांब चोचीची तेलाची कुपी. आबा म्हणजे माझे वडील, सुकदेव. बमरोलीत एकतीस वर्षं यंत्रमागावर कामाला होते. माग सुरू करायच्या आधी त्याला तेल द्यायचं, हा त्यांचा रोजचा नेम. खुशीत म्हणाले, "जाम व्हती. दोन थेंब तेल टाकं. आते फिरस."

फिरत होती, लोण्यासारखी. आणि आतल्या काचेवर तेलाचा तवंग पसरला होता.

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. घरी बसला आहेस तर गप बस, हेही बोलले. मागांच्या खडखडाटाने आबांचे कान गेलेत, त्यांना अर्धंच ऐकू येतं. त्या दिवशी सगळं ऐकू गेलं.

त्यानंतर त्यांनी माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही. माझा चार्जर वाटेत पडलेला असला तरी ओलांडून जायचे. तेलाची कुपी माळ्यावर गेली. आई म्हणाली, "जीभ आहे का कातर तुझी?" लाज वाटत होती, पण माफी मागायला तोंड उघडेना.

पुढच्या रविवारी, लेन्स कामातून गेली हे एकदाचं पक्कं करावं म्हणून मी ती लावली. आबा ओट्यावर उन्हात बसले होते, लुंगीचा काठ दोन बोटांत चोळत. कापड हाताला लागलं की ते तपासतातच. मी रिंग फिरवली आणि बटण दाबलं.

तेलामुळे त्यांच्या पांढऱ्या केसांभोवती उजेड फुटून पसरला होता. भुवयांवर, कानांवर, खांद्यांवर पांढरं पांढरं. मी लहान असताना कारखान्यातली पाळी संपवून आबा दारात यायचे ते असेच, मागावर उडणाऱ्या रुईने माखलेले. आई आधी त्यांना झटकायची, मग घरात घ्यायची. हा माणूस मी कित्येक वर्षं बघितलाच नव्हता. मी रडत रडत फोटो काढत राहिले.

मग कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि हात वर नेऊन स्वतःची भुवई झटकली. पण कॅमेरा हातात घेतला नाही.

मी माळ्यावर चढले. कुपी खाली काढली, बन्सीलालकाकांची ती ठार जाम लेन्स आणली आणि दोन्ही आबांच्या मांडीवर ठेवली.

"आबा, हाई बी जाम शे."

त्यांनी लेन्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कुपी उचलली, बिचकतच.

"एकच थेंब टाकस," म्हणाले.

"दोन!" मी ओरडले, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. "दोन टाक, आबा!"