पळालेल्या तळ्यातलं गवत

पाऊस आला तो भलत्याच वेळी. नोव्हेंबरात टुंड्रावर बर्फ पडावा, पाणी नव्हे. पण दोन दिवस पाऊस कोसळला, तिसऱ्या दिवशी थंडी कडाडली आणि टेकाडांवरचा रेनडियरांचा चारा, दगडफुलासारखा तो पांढरा चारा, काचेखाली ठेवल्यासारखा बंद झाला. हरणं उकरून उकरून खुरं रक्ताळून घेत होती. चारा डोळ्यांना दिसत होता, तोंडात येत नव्हता.

कळपात खादनेची साठ हरणं होती. नवरा जाऊन दोन हिवाळे झाले होते. ही साठ होती म्हणून ती अजून तंबूत राहत होती. हरणं मेली की गावातली एक खोली आणि दिवसभर खिडकी.

थोरले दीर एदेइको कळपाचे म्होरके. त्यांनी सकाळीच फर्मान काढलं, "तंबू उतरवा. नदी ओलांडून दक्षिणेच्या जंगलात जायचं. चार दिवसांची वाट आहे."

"चार दिवस? गाभण हरिणी दुसऱ्याच दिवशी बसतील, भाऊजी. बसल्या की उठायच्या नाहीत."

"मग काय इथे बर्फ चाटत ठेवू त्यांना?"

"पळालेल्या तळ्यात न्या."

पंधरा वर्षांमागे त्या तळ्याच्या काठाखालची गोठलेली जमीन वितळली आणि सगळं पाणी नदीला निघून गेलं. मागे उरला चिखल. ओल भरपूर, म्हणून आधी लव्हाळा माजला, मग वाळुंजीची छातीएवढी झुडपं. कोरड्या टेकाडावर पांढरा चारा, ओल्या खोलगटात हिरवा, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण एदेइकोंच्या वडिलांची चार हरणं त्या चिखलात रुतून मेली होती. पाण्याची मालकीण देवता रागावून जे घर सोडून गेली, तिथे आपण जेवायला बसायचं नाही, असं म्हातारा बजावून गेला होता. तेव्हापासून घरातल्या पुरुषाचं पाऊल तिथे पडलं नव्हतं. बायका सरपणाला रोज जात. त्यांच्या पावलांचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

"काल मी गेले होते," खादने म्हणाली. "वाळुंजीत वाऱ्याने गुडघ्याएवढा बर्फ साचलाय. पाऊस वरच्या वर गोठला, खाली पोचलाच नाही. पापुद्रा फोडला की पिठासारखा कोरडा बर्फ, आणि तळाशी लव्हाळा. बुडखे अजून हिरवे आहेत."

"सरपण वेचणारीने मला चराई शिकवू नये. आणि तो चिखल?"

"नोव्हेंबरात कसला चिखल? तुमच्या टाळक्यासारखा टणक झालाय."

तंबूच्या दारात सासू सेवने खुदकन हसली. निघायच्या तयारीने एदेइकोंनी फासाचा दोर आणि स्लेजगाड्यांचे पट्टे बर्फावर पसरले आणि गाठी तपासू लागले.

खादने बघत राहिली. मग तिने अंगरखा जरा उचलला आणि दोर ओलांडला. पट्टे ओलांडले, एकूण एक. बाईने ओलांडलेल्या दोराला धुरी दिल्याशिवाय पुरुष हात लावत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"अगं ए! वेड लागलं का तुला?"

"लागलं असं समजा. धुरी द्या, तोवर मी जाऊन येते."

"आई, धुरीचं सामान काढ!"

"कुठल्या पेटीत ठेवलंय कोण जाणे," सेवने शांतपणे म्हणाली. "दुपार होईल रे बाबा."

खादनेने कुऱ्हाड घेतली, आपल्या पुढारी हरिणीला दावं लावलं आणि ती तळ्यात उतरली. पापुद्रा बोटभर जाड होता. घाव घालून घालून तिचे खांदे भरून आले. चटईएवढी जागा मोकळी झाली, पण हरिणी नुसतीच उभी. खादनेने हातमोजे काढले, कोपरापर्यंत हात खुपसला आणि लव्हाळ्याचा झुबका उपटून हरिणीच्या नाकाशी धरला.

"खा गं बाई. माझी लाज राख."

हरिणीने हुंगलं, चावलं. मग मान खाली घालून ती सपासप उकरू लागली. टेकाडावरून एक हरीण उतरलं, मग दहा, मग सगळा कळप.

एदेइको धावत काठापर्यंत आले आणि तिथेच थबकले. वडिलांनी घातलेली वेस त्यांच्या बुटांपुढे होती.

"कळप मागे घे, खादने."

"तुम्ही न्या. उतरा खाली आणि त्यांच्या तोंडातला घास काढून घ्या."

गेल्या तीन दिवसांत हरणांच्या चघळण्याचा आवाज एदेइकोंनी ऐकला नव्हता. आता तो तळंभर चालू होता. शेवटी ते काठावरून उतरले, गुडघ्यावर बसून त्यांनी एक बुडखा दातांनी तोडून पाहिला. खाली मान घालून चावत राहिले.

"एवढ्या फोडलेल्या जागेवर उद्याचं भागायचं नाही," ते पुटपुटले. "उद्या कुठे फोडायचं, ते तू सांग."

खादनेने वाळुंज सर्वात उंच होती त्या कडेला बोट दाखवलं. एदेइको आपली कुऱ्हाड आणायला वळले.